नानांची उचकी

नानांना उचकी लागली तेव्हा घरातलं जो तो म्हणाला, कोणीतरी आठवण काढतंय. आईंनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. देवळाली कॅम्पातली नणंद, पुण्याचा भाचा, मग प्रेसमधले मित्र. नाना, म्हणजे माझे सासरे, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, त्यामुळे मित्रांची यादी लांबलचक. यादी संपली, उचकी थांबली नाही. त्या उचकीचा अर्थ कळायला मला दीड दिवस लागला. आणि मी गेली 19 वर्षं लकवा झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते.

हे लिहायला बसले ते त्या दीड दिवसासाठी. पण तिथे जाण्याआधी थोडं मागून सांगावं लागेल.

मी फिजिओथेरपिस्ट. स्वतःचा दवाखाना नाही, घरोघरी जाते. सकाळी पंचवटी आणि मखमलाबाद, दुपारी इंदिरानगर, पाथर्डी फाटा, आठवड्यातून दोनदा दिंडोरीच्या बाजूला. लोक आजाराला वेगवेगळी नावं देतात. शहरात ‘पॅरालिसिसचा अटॅक’, जुन्या नाशकात लकवा, खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’. नाव कुठलंही घ्या, डोळ्यांपुढे चित्र एकच येतं: तोंड वाकडं, एक हात लुळा, एक पाय ओढत चाललेला माणूस. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं, शिकून-सवरून.

खरं तर हा एक आजार नाहीच. मेंदूला रक्त नेणाऱ्या कोणत्या नळीत अडथळा आला त्यावर माणसाचं काय जाणार हे ठरतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण नीट समजावलं ते दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाने. त्याच्या वडिलांचा उजवा हात पूर्ण गेला होता, तोंड वाकडं झालं होतं, पाय मात्र बऱ्यापैकी हलत होता. बोलणं गेलं होतं. समोरच्याचं सगळं कळायचं, उत्तर द्यायला तोंड उघडलं की एकच शब्द यायचा, “पाणी”. तहान लागली तरी पाणी, लाईट लावा म्हणायचं असलं तरी पाणी. मात्र मी एक-दोन-तीन सुरू केलं की ते माझ्याबरोबर वीसपर्यंत सरळ मोजायचे, आणि संध्याकाळी आरतीत त्यांचे शब्द अडत नसत. मुलगा हैराण. म्हणाला, “मॅडम, हात गेला तर पाय का नाही गेला? आणि आरती येते तर बोलणं का येत नाही?” मी मेंदूचं चित्र काढायला लागले. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे ठिबकच आहे हे. बागेत एक ओळ सुकली की आम्ही वेलीला औषध मारत नाही, नळी बघतो. ओळ सुकली तर लॅटरल, म्हणजे त्या ओळीची नळी; अख्खा प्लॉट सुकला तर सबमेन, म्हणजे सगळ्या ओळींना पाणी देणारी.”

तेव्हापासून मी सगळ्यांना असंच समजावते. नाशिक जिल्ह्यात ठिबक कळत नाही असा माणूस विरळा.

मानेतून वर चार मेन लाईन जातात. पुढून दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या भोकांमधून चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1664 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. एका बाजूचा पुरवठा कमी पडला तर दुसऱ्या बाजूचं पाणी फिरवता यावं अशी ती सोय. सगळ्यांचं कडं पूर्ण नसतं, म्हणून दोन माणसांत तीच नळी बंद होऊनही हाल सारखे होत नाहीत.

त्या शेतकरी काकांची बंद झालेली नळी होती डावी मिडल सेरेब्रल, आमच्या भाषेत एमसीए. कॅरोटिडमधून वर आलेला प्रवाह जवळजवळ सरळ तिच्यात शिरतो, त्यामुळे हृदयातून किंवा मानेतून सुटलेली गुठळीही बहुतेक वेळा तिथेच जाऊन बसते. मेंदूचा डावा भाग अंगाची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. चेहरा आणि हात यांची जागा या नळीच्या रानात, पायाची जागा दुसरीच्या. म्हणून हात गेला, पाय वाचला. पुढची फांदी बंद झाली तर कळतं पण बोलता येत नाही, काकांसारखं. मागची बंद झाली तर माणूस धबाधबा बोलतो, सूर बरोबर, शब्द भलतेच, आणि आपलंही त्याला कळत नाही. अशा एका बाईंना घरच्यांनी आधी मानसोपचाराकडे नेलं होतं. हात-पाय धडधाकट आणि बोलणं असंबद्ध, तर डोक्यावर परिणाम झालाय असंच वाटतं लोकांना.

हीच नळी उजव्या बाजूची बंद झाली तर भाषा राहते, पण कधीकधी जगाची डावी बाजूच पुसली जाते. डोळ्यांना दिसत असूनही लक्ष तिकडे जात नाही. जुन्या नाशकातले एक आजोबा रोज जेवताना सुनेवर चिडायचे, “चटणी वाढत नाहीस, लिंबू नाही, मीठसुद्धा नाही.” सून रडकुंडीला आलेली. ती रोज सगळं वाढत होती. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे असतं आणि भाजी-आमटी उजवीकडे. आजोबांच्या लेखी ताट मधोमध संपत होतं. मी ताट फिरवलं, आणि समोर अचानक चटणी आलेली बघून त्यांचा चेहरा असा काही झाला की आजही आठवतो. डाव्या हाताबद्दल विचारलं तर म्हणायचे, “हा माझा नाही.” घरच्यांना ते हट्टी, चिडके वाटत होते. आजाराने केलेल्या गोष्टीचा दोष माणसाला लागतो, हे मी घरोघरी बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पायाची नळी वेगळी, अँटिरियर सेरेब्रल. ही दोन्ही गोलार्धांच्या मधल्या फटीतून वर जाते. ती बंद झाली की पाय ओढतो, हात बराचसा ठीक, चेहराही सरळ. घरी गुडघेदुखीचं तेल चोळत बसतात. शिवाय उमेद जाते. इंदिरानगरच्या एका आजी दिवसदिवस गप्प, विचारलं तर बऱ्याच वेळाने एखादा शब्द, लघवीचंही भान नाही. दोन्ही लेकींची समजूत अशी की आई रुसली आहे, वाटणीवरून. रुसव्याची कारणं शोधण्यात तीन दिवस गेले.

आणि खोल आत जाणाऱ्या बारीक नळ्या. मोठ्या नळीतून काटकोनात फुटतात, केसासारख्या. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने त्यांच्या भिंती जाड होतात आणि एक दिवस त्या चोक होतात, ड्रिपर होतो तशा. सुकलेला तुकडा दीड सेंटीमीटरच्या आतलाच, पण सगळ्या तारा जिथून एकत्र खाली उतरतात नेमका तिथे. म्हणून चेहरा, हात, पाय एका बाजूचे साधारण सारखेच जातात, आणि भाषा, नजर, समज शाबूत राहते. जीभ जड होते एवढंच. अंबड एमआयडीसीतले असे किती कामगार मी पाहिलेत, चाळिशी-पन्नाशीचे. गोष्ट प्रत्येकाची तीच: “बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली.” अहो, गोळीमुळेच नॉर्मल आलं होतं ना! यातले बरेचजण चांगले सुधारतात.

नळी बंद पडणं हा एक प्रकार, फुटणं हा दुसरा. साधारण दहातल्या आठ जणांची बंद पडलेली असते, बाकीच्यांची फुटलेली. फुटली तर डोकं भयंकर दुखणं, उलट्या, शुद्ध हरपत जाणं जास्त दिसतं, पण खात्री वरवर बघून कोणालाच देता येत नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही. सीटी स्कॅन करावाच लागतो. म्हणूनच मी हात जोडून सांगते की घरी जिभेखाली ऍस्पिरिन देऊ नका. नळी फुटलेली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी घातक ठरू शकते. आणि बीपी खूप दिसलं म्हणून ते झटकन उतरवायची गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नका. मेन लाईन अर्धवट चोक असताना मोटरचं प्रेशर पाडलं तर काय होतं? शेवटच्या वेली आधी जातात. मेंदूतही दोन नळ्यांच्या रानांमधला जो बांध असतो, दोघींचं शेवटचं टोक, तो प्रेशर पडल्यावर सुकतो. अशा एकांचा खांदा आणि दंड लुळा होता, पंजा मात्र मूठ वळत होता. मला ते कोडंच वाटलं होतं, रिपोर्ट वाचेपर्यंत.

हे सगळं पुढच्या मेन लाईनचं. मेंदूचं बहुतेक रक्त तिथूनच जातं. मागच्या दोन व्हर्टिब्रल मिळून एक बॅसिलर होते आणि ती मेंदूचा बुंधा, लहान मेंदू आणि मागची नजर पोसते. पाच झटक्यांतला साधारण एक इथला. आणि हाच चुकतो.

पंचवटीतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. उजव्या बाजूचं दिसेना, दाराच्या चौकटीला सारखा उजवा खांदा आपटायचा. चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. मी गेले तर म्हणाल्या, “मला वाचता येत नाही, पण लिहिता येतं.” मला वाटलं चुकून बोलल्या. त्यांनी माझ्यासमोर किराण्याची यादी लिहिली, सुंदर वळणदार अक्षरात, तूरडाळ, साबुदाणा, शेंगदाणे. कागद मी दोन मिनिटांनी परत हातात दिला तर स्वतःच लिहिलेला एक शब्द त्यांना वाचता येईना. बोटाने अक्षर गिरवलं की मग ओळखू यायचं. डाव्या मागच्या नळीने, पोस्टिरियर सेरेब्रलने, केलेलं काम. नजरेतून आलेलं अक्षर भाषेच्या जागेपर्यंत पोचायची वाट बंद, लिहायची वाट मोकळी. चाळीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलेल्या बाई.

आता नाना.

डिसेंबरातली सकाळ, नाशिकची थंडी. नाना अंघोळीला उठले आणि भिंत धरून परत बसले. “घर फिरतंय,” म्हणाले. मग उलट्या. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं होतं, त्यामुळे पित्त हा निकाल पाच मिनिटांत लागला. मी काय केलं ते लिहिते. मी त्यांना हसायला सांगितलं, चेहरा सरळ. दोन्ही हात वर करायला सांगितले, वर झाले, एकही खाली आला नाही. माझी बोटं दाबायला सांगितली, पकड जोरदार. “आज वार कुठला?” “शनिवार.” मी मनात हुश्श केलं. चेहरा, हात, बोलणं, तिन्ही ठीक. मी जगाला शिकवते तीच चाचणी मी केली आणि त्यात नाना पास झाले.

मग उचकी लागली.

दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, मी आग्रह केला म्हणून सीटी काढला. सीटी नॉर्मल. कानातल्या पाण्याचा त्रास असेल म्हणून चक्करच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या डॉक्टरांवर मी राग धरत नाही, कारण मीही समाधानाने घरी आले. पण आता मला माहीत आहे आणि तुम्हालाही असावं: बंद पडलेल्या नळीचा झटका पहिल्या काही तासांत सीटीवर बऱ्याचदा दिसत नाही, आणि डोक्याच्या मागच्या, हाडांनी वेढलेल्या भागात तर आणखीनच कमी. सुरुवातीचा सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला असतो. नॉर्मल सीटी म्हणजे झटका नाही, असं नाही.

रात्रभर उचकी. रविवारी सकाळी चहा दिला तर जोरदार ठसका लागला, थोडा नाकातून आला. आवाज बसला होता, आम्ही म्हटलं उलट्यांनी घसा सोलवटला. उभं केलं तर ते सारखे उजवीकडे कलंडत होते, कोणी ढकलल्यासारखे. नुसते बसलेलेसुद्धा. दुपारी माझ्या नवऱ्याने त्यांना अंघोळ घातली आणि नाना आतून ओरडले, “अरे, या बाजूला पाणी गार का टाकतोस?” एकाच बादलीतलं पाणी. अंगाच्या उजव्या बाजूला कढत लागत होतं, डाव्या बाजूला नुसता ओलावा.

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच ठेवून आत गेले. बर्फाचा खडा आणला. डाव्या हातावर, डाव्या पायावर लावला, गारवा कळेना. चेहऱ्यावर लावला तर उलटं: डावा गाल ठीक, उजव्या गालाला कळत नाही. उजवी पापणी किंचित खाली आली होती, ती बाहुली लहान. मी ते शनिवारी पाहिलंच नव्हतं, की पाहूनही झोप झाली नाही म्हणून सोडून दिलं, मला आता खरंच सांगता येणार नाही.

चेहरा एका बाजूचा आणि अंग दुसऱ्या बाजूचं, हे फक्त मेंदूच्या बुंध्यातच घडतं असं मी परीक्षेत लिहिलं होतं. ॲडोल्फ वालेनबर्ग या जर्मन डॉक्टरने 1895 मध्ये असाच रुग्ण वर्णन केला, त्यांच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. बुंध्याच्या तळाच्या एका कडेला शेंगदाण्यापेक्षा लहान जागा सुकते. गिळणं, आवाज, तोल, गार-गरम, उचकी, सगळ्यांच्या तारा तिथे दाटीने. हाता-पायाच्या ताकदीची तार मात्र पलीकडून, पुढून जाते. म्हणून नानांची पकड जोरदार होती. म्हणूनच मी फसले.

संध्याकाळी एमआरआय झाला. उजवी व्हर्टिब्रल बंद.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही माणूस शेवटचा ठीक कधी होता तिथून मोजून. मोठ्या नळीतली गुठळी तारेने काढायची सोय काही रुग्णांना 24 तासांपर्यंत मिळू शकते. मोठी नळी बंद असताना मिनिटाला जवळपास 19 लाख पेशी मरतात असा अंदाज आहे. नानांना ते इंजेक्शन मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. पण विचारायची वेळ तरी हातात राहिली असती.

त्यामुळे आता मी घरोघरी चेहरा-हात-बोलणं एवढ्यावर थांबत नाही. अचानक चक्कर आली तर माणसाला उभं करून बघा. कानाच्या चक्करेतला माणूस डोलत का होईना, बहुधा धरून चालतो. जो उभाच राहू शकत नाही, एका बाजूला कलंडतो, त्याला पित्त म्हणून झोपवू नका. एकाची दोन दिसतात का, गिळताना ठसका लागतो का, आवाज बसला का, अर्धं दिसेनासं झालं का, हे विचारा. एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखं होऊन काही मिनिटांत दिसायला लागलं, किंवा हात लुळा पडून अर्ध्या तासात सरळ झाला, तर तोही झटकाच, गुठळी सुटून पुढे गेलेली. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, पुढची मोठी असू शकते. गिळता येतंय याची खात्री होईपर्यंत तोंडात काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. 108 ला फोन करा, आणि जिथे सीटी-एमआरआय आणि हे इंजेक्शन दोन्ही आहे अशाच ठिकाणी न्या. पेठ-सुरगाण्याकडून येताना वाटेत दोन दवाखाने करत याल तर साडेचार तास रस्त्यातच संपतात. आणि माणूस शेवटचा ठीक किती वाजता पाहिला, ते कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात आणि घाबरलेल्या घराला नेमकं तेच आठवत नाही.

नानांना सात आठवडे जेवणासाठी नाकातून नळी होती. उचकी पाचव्या दिवशी थांबली. तोल हळूहळू आला. आता ते वॉकरशिवाय कॉलनीच्या गणपतीपर्यंत जाऊन येतात. डाव्या अंगाला अजून गरम कळत नाही, एकदा शेकायच्या पिशवीने पोटरीला फोड आला तेव्हापासून पाणी आधी उजव्या हाताने बघतात. घशाची उजवी बाजू कमजोर राहिली. त्यावर उपाय म्हणजे हनुवटी जरा खाली घ्यायची, मान उजवीकडे वळवायची आणि मग घोट गिळायचा. त्या बाजूची वाट दबते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. ही युक्ती मी त्यांच्याकडून रोज करून घेतली. सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून चहा प्यावा लागतो म्हणून ते फार खट्टू व्हायचे.

आईंनी एक दिवस काही न बोलता आपली खुर्ची उचलून टेबलाच्या त्या बाजूला नेली.